न टाकणाऱ्यांचं टेबल: गळ टाकून बसावं की जाळं फेकावं?

पोकरमध्ये कमी हात खेळावेत की जास्त, याबद्दल बोलायचंय, पण आधी टेबल कसलं आहे ते सांगतो कारण सगळं त्याच्यावरच आहे. भांडुपला भावजींच्या घरी शनिवारी रात्री आम्ही सहा-सात जण बसतो, होल्डेम (पोकरचा प्रकार, प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि मध्ये बोर्डवर सगळ्यांचे मिळून पाच: आधी तीन म्हणजे फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर), ब्लाइंड म्हणजे दोघांनी पत्ते बघायच्या आधीच टाकायचे सक्तीचे चिप्स एक-दोन, प्रत्येकाला दोनशे चिप्स. पैसे नाहीत. पॉइंट वहीत लिहायचे आणि महिनाअखेर जो तळाला असेल त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांचे वडापाव आणायचे. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा महाराष्ट्रात अजून आहे आणि भावजी सरकारी नोकरीत, त्यामुळे त्यापुढे विषय जातच नाही.

तर या टेबलावर कोणी पत्ते टाकत नाही, म्हणजे हात मध्येच सोडून देत नाही. म्हणजे खरंच नाही. सोसायटीतले एक मामा आहेत, बेस्टमधून रिटायर झालेले, सगळेच त्यांना मामा म्हणतात, त्यांचं एकच वाक्य असतं, "बघायला काय जातंय?" आणि चिप्स पुढे. वहिनींना हातात एक्का आला की तो हात शेवटपर्यंत जाणार, बरोबर तिर्री असली तरी. भावजी दोन पत्ते एकाच रंगाचे (दोन्ही बदाम, दोन्ही इस्पिक असे) दिसले की खूश. आणि रेज, म्हणजे बेट वाढवणं, कोणी करत नाही हे पण लक्षात घ्या, नुसतं समोरच्याएवढे चिप्स टाकून कॉल, कॉल, कॉल, फ्लॉपला पाच जण, टर्नला चार, रिव्हरला तीन. पोकरवाले याला कॉलिंग स्टेशन म्हणतात, आमच्याकडे अख्खं जंक्शन आहे.

हे असं का, तर माझं मत तीन पत्तीमुळे. आपण सगळे दिवाळीच्या रात्री तीन पत्तीवर वाढलेले, तिथे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणारा शूर आणि पॅक करणारा भित्रा, शो मागायला फार लागत नाही, मग बघूनच जायचं. तीच सवय इकडे येते. मामा तर अजून अधूनमधून भांडतात की सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा. तीन पत्तीत बरोबरच आहे ते, तीन पत्त्यांच्या २२,१०० हातांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांत उलटं होतं, स्ट्रेट (म्हणजे सिक्वेन्स) १०,२०० आणि फ्लश (म्हणजे कलर) ५,१०८. हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलंय, त्यांनी मान हलवली आणि पुढच्याच हाताला बोर्डवर चार बदाम असताना स्ट्रेट घेऊन कॉल केला.

आता मुद्दा. परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं की आमच्या टेबलावर पण असेच लोक आहेत, मी कसं खेळू, कमी हात खेळून दाबून बेट लावू की सगळे हात स्वस्तात खेळून फ्लॉप बघत राहू? मी दोन्ही केलंय. आधी साधारण आठ महिने एक, नंतर वर्षभर दुसरं. असल्या कच्च्या खेळाडूंना पोकरमध्ये फिश म्हणतात आणि आपण मुंबईत राहतो, म्हणून मी यांना गळ आणि जाळं म्हणतो. गळ म्हणजे बसायचं, पंचवीसातले चार-पाच हात खेळायचे, पण खेळायचे ते मोठं रेज करून. जाळं म्हणजे निम्मे हात दोन-दोन चिप्स टाकून आत जायचं, फ्लॉप लागला तर लागला, नाही तर सोडून द्यायचा.

(तिसरा पर्याय ब्लफ. तो एका कंसात संपतो. पॉटएवढा, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सएवढा, ब्लफ मारला तर निम्म्या वेळा तरी चालायला हवा, समोर तीन जण असतील आणि प्रत्येक जण निम्म्या वेळा टाकतो असं धरलं तरी तिघांनी एकदम टाकायची शक्यता आठात एक. आणि आमच्याकडे निम्म्या वेळा तरी कोण टाकतंय! २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला आणि पैशाचे पोकर ॲप बंद झाले, तेव्हा तिकडे खेळणारा एक मुलगा आमच्यात यायला लागला, हुशार मुलगा, रेंज, ब्लॉकर असले सगळे पुस्तकी शब्द बोलायचा. पहिल्या रात्री त्याने मामांवर तीन वेळा तिन्ही स्ट्रीट (फ्लॉप, टर्न, रिव्हर) ब्लफ मारला. तीन वेळा मामांकडे एक जोडी होती आणि तीन वेळा मामांना ब्लफ झालाय हे कळलंच नाही. आता तो नीट खेळतो.)

जाळ्याबद्दल आधी बोलतो, कारण मी तिथूनच सुरुवात केली आणि मला ते शिकवलं माझ्या मावसभावाने. विरारला राहतो, पंधरा वर्षं फास्ट लोकलमध्ये गुडघ्यांवर ब्रीफकेस ठेवून पत्ते खेळलाय, त्याच्या मते पत्ते टाकणं म्हणजे तिकीट काढून गाडीत न चढणं. आणि त्याचं लॉजिक तसं चुकीचं नाही बरं का. त्याचं म्हणणं, हे लोक रेज करत नाहीत, म्हणजे फ्लॉप दोन चिप्समध्ये मिळतो. आणि लागला की हे लोक टाकत नाहीत, म्हणजे पूर्ण वसुली. छोटी जोडी हातात असेल तर फ्लॉपवर तिसरा पत्ता साडेआठात एकदा पडतो, दोन चिप्स टाकून साडेआठात एकदा पन्नास-साठ चिप्सचा पॉट मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? फ्लश ड्रॉचं, म्हणजे एका रंगाचे चार झाले आणि पाचव्याची वाट बघतोय, त्याचं पण तेच, एका पत्त्याला साधारण १९ टक्के लागतो, म्हणजे पाचात जेमतेम एकदा, आणि पॉटमध्ये पाच जण पैसे घालत असतील तर कॉल अगदी हिशोबात बसतो. लोक पत्ते टाकतात अशा टेबलावर जे हात परवडत नाहीत ते इथे परवडतात. हे सगळं खरं आहे आणि मी आजही नाकारत नाही.

मजाही आहे त्यात, ते सांगायलाच हवं. प्रत्येक हातात तुम्ही आहात, फ्लॉप उघडताना पोटात गोळा येतो, वहिनी ओरडतायत, भावजी चहा ठेवायला उठतात ते पत्ता बघून परत बसतात. रात्र कशी जाते कळत नाही. माझे पहिले दोन महिने वहीत प्लसमध्ये होते आणि मला वाटलं की जमलं.

तिसऱ्या महिन्यापासून वडापाव मी आणायला लागलो.

आता कशामुळे सोडलं ते सांगतो, आणि हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून जरा लांबण लावतोय. लोक म्हणतात जाळ्यात छोटे छोटे पैसे गळतात, तासाला वीस-बावीस चिप्स नुसत्या आत जाण्यात जातात वगैरे. जातात, पण त्याचा त्रास नाही होत. मला त्रास झाला तो रिव्हरचा. फसलेल्या ड्रॉचा.

कसं आहे, साध्या टेबलावर ड्रॉ घेऊन तुम्ही बेट लावता तेव्हा जिंकायचे दोन रस्ते असतात, पत्ता लागला तर एक, नाही लागला तरी समोरचा घाबरून टाकेल हा दुसरा. फ्लॉपवरचा फ्लश ड्रॉ दोन पत्त्यांत ३५ टक्के लागतो, म्हणजे ६५ टक्के वेळा नाही लागत, आणि त्या ६५ मधले बरेच पॉट तुम्ही या दुसऱ्या रस्त्याने उचलता. ड्रॉ खेळण्यातला अर्धा जीव तिथे आहे. आमच्या टेबलावर तो दुसरा रस्ताच नाही, भिंत आहे. पत्ता नाही लागला की संपलं, तुमच्याकडे आठाचा हाय आहे, म्हणजे जोडीसुद्धा नाही, मोठा पत्ता म्हणजे आठ, पॉटमध्ये तुमचे चाळीस चिप्स आहेत आणि तुम्ही काही बोलू शकत नाही. बोललात तर अजून जातील.

गणपतीतली गोष्ट सांगतो. परळला काकांच्या चाळीत गणपती बसतो, पहिल्या रात्री जागरण, आरत्या झाल्या, मोदक झाले, लहान मुलं झोपली आणि गॅलरीत सतरंजी टाकून डाव मांडला, मामा पण आलेले. माझ्याकडे बदाम आठ-सात. फ्लॉप पडला बदाम नव्वी, किलवर छक्की, बदाम दुर्री. ज्यांना कळतं त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल, नऊ बदाम आणि दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट, एकूण पंधरा पत्ते माझे, रिव्हरपर्यंत ५४ टक्के. मी पॉटएवढी बेट लावली, बाकीचे त्या रात्री आश्चर्यकारकरीत्या गेले (एकाला आरतीचं ताट उचलायला बोलावलं होतं म्हणून), उरले मामा. बघायला काय जातंय. टर्न इस्पिक बादशहा. मी परत मोठी बेट, मामा कॉल. रिव्हर चौकट दुर्री. काही नाही लागलं. बोर्डवर बादशहा, दुर्रीची जोडी, मी सुरुवातीपासून मारतोय, कुठल्याही शहाण्या माणसाने इथे टाकलं असतं, मी उरलेले सगळे चिप्स पुढे ढकलले आणि चेहरा एकदम दगड. मामांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते स्वतःचे पत्ते बघत होते. "छक्कीची जोडी आहे ना माझी," एवढंच म्हणाले आणि कॉल. छक्की-चौकी!

मी नंतर विचारलं, मामा, बादशहा पडला तेव्हा नाही वाटलं माझ्याकडे असेल? तर म्हणाले, असेल की, पण मला कसं कळणार बघितल्याशिवाय. आता यावर काय बोलणार. माणूस बरोबर बोलतोय.

फ्लॉपवरची माझी बेट चूक नव्हती, टर्नची पण चालेल, रिव्हरची मूर्खपणाची होती हे मला तेव्हाही माहीत होतं. पण खरी चीड त्या एका बेटची नाही. चीड याची की जाळं टाकलं की दर शनिवारी तीन-चार वेळा तुम्ही त्याच जागी येऊन बसता, रिव्हर पडलाय, हातात काही नाही, मध्ये मोठा पॉट आहे आणि हात शिवशिवतोय. चेक केलं, म्हणजे बेट न लावता पुढे गेलं, तर छक्कीची जोडी जिंकणार, बेट लावली तरी छक्कीची जोडीच जिंकणार. कोणी म्हणेल की मग चेक कर आणि गप्प बस. करतो की, दहातल्या सात वेळा करतो. उरलेल्या तीन वेळा मध्यरात्र झालेली असते आणि मी माणूस आहे.

आणि लागला तरी सुटका नाही, हे दुसरं. आठ-सातचा फ्लश लागतो तेव्हा टेबलावर अशा वहिनी आहेत ज्या एक्क्याबरोबर त्याच रंगाचं काहीही धरून बसल्यात आणि एक भावजी आहेत जे एकाच रंगाचे कुठलेही दोन पत्ते टाकत नाहीत. म्हणजे तुमचा फ्लश झाला की दुसरा कोणाचा तरी होण्याचा संभव पाच जणांच्या पॉटमध्ये चांगलाच वाढतो. महिन्यात दोनदा तरी माझा छोटा फ्लश वहिनींच्या मोठ्या फ्लशखाली गेला, आणि वहिनी रेज पण करत नाहीत हो, नुसतं कॉल करून शेवटी एक्का ठेवतात खाली, "मला वाटलं तुझा मोठा असेल." एक्क्यापेक्षा मोठा काय असणार वहिनी?

एकाच रंगाचे पत्ते या प्रकाराबद्दल जाता जाता. त्यात एवढं काही नाहीये. फ्लॉपवरच फ्लश होणं शंभरात एकदाही नाही, ड्रॉ मिळणं शंभरात अकरा वेळा. तेच दोन पत्ते वेगवेगळ्या रंगांचे असते त्यापेक्षा एकाच रंगाचे असले तर जिंकण्यात दोन-चार टक्क्यांचा फरक पडतो. मावसभावाला पटत नाही हे, त्याला सांगू नका.

तर गळ. गळावर आलो ते एका कंटाळवाण्या हिशोबाने. समजा एक्क्यांची जोडी आहे. समोर एकच जण, कुठलेही पत्ते घेऊन, तर ती ८५ टक्के जिंकते. तीन जण असतील तर ६४. पाच जण असतील तर ४९ च्या आसपास. लोक इथे म्हणतात, बघ, एक्के असूनही निम्म्या वेळा हरतोस, मग असल्या टेबलावर चांगल्या पत्त्यांना काय अर्थ? मीही म्हणायचो. पण सहा जणांनी प्रत्येकी दहा चिप्स टाकले तर पॉट साठचा, तो मी निम्म्या वेळा उचलणार म्हणजे सरासरी तीस, आणि टाकले मी दहा. फ्लॉपच्या आधीच तिप्पट! हरलो तेवढे दिसतात कारण तेव्हा मामा हसतात, पण वहीत तिप्पट आहे.

म्हणून इथे रेज करायचं ते यांना घालवायला नाही. ते जाणारच नाहीत. पत्ते चांगले असताना सगळ्यांकडून जास्त घ्यायचं म्हणून करायचं. दुसरीकडे लोक ब्लाइंडच्या अडीच-तीन पट करतात, मी इथे पाच-सहापट करतो आणि आधी जेवढे लिम्प करून (नुसते दोन चिप्स टाकून) बसलेत त्यांचे एकेक वर. बारा-चौदा चिप्स. आणि तरी तिघे येतात. पहिल्यांदा मला अपराधी वाटलं होतं.

फ्लॉपनंतर पण तसंच. एक्का-राणी आहे आणि एक्का पडला, तर तिन्ही स्ट्रीट मारायचं, पॉटच्या दोन तृतीयांशच्या खाली यायचं नाही, लपवाछपवी नाही, हुशारी नाही. सापळा लावून चेक करणं तर इथे पाप आहे, ते स्वतःहून बेट लावत नाहीत, तुम्ही चेक केलं की तेही चेक करतात आणि तुमची एक स्ट्रीट फुकट गेली. दुसरीकडे टॉप पेअरने (बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याच्या जोडीने) तीन वेळा मारलं तर शेवटी कॉल करणारा तुम्हाला हरवूनच कॉल करतो, इथे मामा छक्की-चौकीने कॉल करतात. दुसऱ्या जोडीला सुद्धा एखादी छोटी बेट लावून बघा, खालच्या जोडीवाला येतो. आणि एक्का-बादशहा हातात असून फ्लॉपवर काहीच नाही पडलं, तीनात दोनदा तेच होतं, तर चार जणांच्या तोंडावर बेट मारत बसू नका, चेक करा आणि सोडा. हे शिकायला मला जरा वेळ लागला.

उलट बाजू फक्त एक लक्षात ठेवायची, की गप्प माणूस बोलला की ऐकायचं. वर्षभरात मामांनी रिव्हरला रेज केलेलं मी मोजून तीनदा बघितलं. दोनदा फुल हाउस, एकदा फ्लश. दुसऱ्यांदा केलं तेव्हा माझ्याकडे वरच्या दोन जोड्या होत्या, मी पत्ते उघडे करून टाकले आणि सगळे माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी जेवणावरून उठलोय. वहिनींनी कॉल केला, एक जोडी घेऊन. मामांच्या तीन दश्श्या आणि दोन चौक्या. गळवाल्याला समोरच्याचं मन वाचावं लागत नाही, हा मला सगळ्यात मोठा आराम वाटतो. मामांच्या मनात काय आहे हे मामांनाच माहीत नसतं, मी कुठून वाचू?

आणि रिव्हरची ती शिवशिव जवळजवळ गेली. कारण रिव्हरपर्यंत मी आठाचा हाय घेऊन पोचतच नाही. हरतो, भरपूर वेळा हरतो, परवाच बादशहांची जोडी होती आणि भावजींच्या पंजी-तिर्रीने रिव्हरला स्ट्रेट केला, चरफडलो, पण पैसे आत गेले तेव्हा मी पुढे होतो. त्याने झोप उडत नाही. छक्की-चौकीने उडायची.

आता गळाचे तोटे पण सांगतो नाहीतर म्हणाल एकतर्फी आहे. कंटाळा. भयंकर कंटाळा. तासाला आमच्याकडे पंचवीसेक हात होतात, गप्पा, चहा, मध्येच कोणाचा तरी फोन, त्यातले वीस तुम्ही टाकता. बसायचं भाडं जास्त नाही, सात जणांत फेरीला तीन चिप्स म्हणजे तासाला दहा-अकरा, पण मनाला जड जातं. एकदा तर मी दीड तास एकही हात खेळलो नाही, भावजी म्हणाले, पत्ते वाटायला तरी घे बाबा, काहीतरी कर. मला बगळा नाव पडलंय. मावसभाऊ तर उघड म्हणतो की शनिवारची रात्र आहे, ऑफिस आहे का हे? आणि त्याचं चुकत नाही, तुम्ही चार माणसांत मजेला गेलात आणि भिंतीसारखे बसलात तर लोक पुढच्या वेळी बोलावताना विचार करतात. मी तोंडाने भरपाई करतो, कमेंटरी करतो, चहा मी ओततो.

एक गंमत मात्र आहे. जाणत्या टेबलावर तुम्ही दीड तास टाकून मग एकदम रेज केलंत तर सगळे समजतात आणि पळतात, म्हणून तिथे गळवाल्याला अधूनमधून उगाच काही खेळून दाखवावं लागतं. इथे काही नको. दीड तासाने मी बारा चिप्सचं रेज केलं, वहिनी म्हणाल्या, "अरे बापरे, याच्याकडे नक्की काहीतरी आहे," आणि कॉल केला.

तर माझ्यापुरतं गळ. पण शंभर टक्के गळ नाही, जाळ्यातले दोन धागे मी ठेवलेत. एक, दुर्री ते छक्कीच्या जोड्या, त्या स्वस्तात आत जाऊ द्यायच्या, तिसरा लागला तर पिळायचं नाहीतर तिथेच टाकायचं, त्यात फसलेला ड्रॉ हा प्रकारच नसतो. दुसरा, एक्का आणि त्याच्याच रंगाचा कुठलाही पत्ता, कारण तिथे फ्लश लागला तर तो सगळ्यात मोठा फ्लश, वहिनींना उलटा प्रसाद. आठ-सात, नऊ-आठ, गुलाम-नव्वी, हे दिसायला गोंडस हात मी सोडले. माझी पाळी शेवटी असताना, पाच जण आधीच आत असताना, दोन चिप्समध्ये, अजूनही कधीतरी जातो, खोटं कशाला बोलू.

तुमचं वेगळं असू शकतं. तुमच्याकडे प्रत्येकापुढे पाच-सहाशे चिप्स असतील त्याच ब्लाइंडला, तर जाळं माझ्या अनुभवापेक्षा बरं चालेल, कारण लागल्यावर मिळणारा पॉट तेवढा मोठा. पण मग रिव्हरला हात आवरता यायला हवा आणि दुसऱ्या नंबरचा फ्लश टाकता यायला हवा, मला ते येत नाही, तुम्हाला येत असेल. उलट टूर्नामेंटसारखे ब्लाइंड वाढत असतील आणि तुमच्यापुढे तीस-चाळीस ब्लाइंडच उरले असतील तर जाळ्याचा विचारही नको, लागून मिळणार किती? आणि चौघंच असाल त्या दिवशी गळ जरा सैल सोडा, चौघांत बसून राहिलं तर भाडं खाऊन टाकतं. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोत एकदा बसलोय, तिथे पॉटमधून रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापतात, छोटे छोटे पॉट जिंकणाऱ्याच्या हातात फार उरत नाही, तिथे तर मी गळच म्हणेन. आणि मुळात मजेलाच जात असाल, वडापाव आणायला हरकत नसेल, तर मावसभावाचं ऐका, त्याच्याइतका खूश माणूस आमच्या टेबलावर दुसरा नाही आणि तो दादरला उतरून शेवटची विरार पकडतो तेव्हाही खूशच असतो.

काहीही निवडा, पण बसायची जागा नीट बघा, त्याने दोन्हीत फरक पडतो. सगळ्यात जास्त कॉल करणारा माणूस आपल्या उजव्या हाताला हवा, म्हणजे तो आधी चिप्स टाकतो आणि मग तुम्ही ठरवता. आमच्याकडे मामांच्या डावीकडची ती खुर्ची किचनच्या दाराशी आहे, पंख्याचा वारा येत नाही, येणारा-जाणारा धक्का देतो, मे महिन्यात तर घामाच्या धारा. म्हणून कोणी बसत नाही तिथे. मी साडेनवाला पोचतो आणि खिशातला रुमाल त्या खुर्चीवर टाकून ठेवतो.